वेगळं धुतलेलं ताट

॥ श्री ॥
सडक अर्जुनी, ९ नोव्हेंबर २०२५

श्री. रेवारामजी यांस,
सौ. सुमित्राचा पायांवर माथा. वि. वि. धान कापून झालं, काळजी नसावी. फोनवर तुम्हाला बोलवत नाही म्हणून लिहिते.

तुमच्या गळ्याच्या कॅन्सरचं कळलं, त्या दिवशी मी तुमच्या सदऱ्यांचे खिसे उलटे केले. वाटलं, तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पन्नी निघेल. निघाली बडीशेप. देवापुढे नाक घासलं. पण नागपूरला निघायच्या आधी चार दिवस तुम्ही आपलं ताट स्वतः धुतलं. लग्नापासून मी तुमच्याच ताटात जेवते. खिशांचं कळलं म्हणून रागावलात का? औषध वेळेवर घ्या. वीरेंद्रदादाला नमस्कार.

माया पातळ होऊ देऊ नये.
तुमची सौ. सुमित्रा

नागपूर, १४ नोव्हेंबर

सौ. सुमित्रास अनेक आशीर्वाद.
तुझा भाऊ वीरेंद्र मला रोज मशीनच्या सिकाईला, म्हणजे रेडिएशनला नेतो. पंधरा झाल्या, वीस राहिल्या. थुंकी गिळतानाही आग होते.

राग नाही. माझा कॅन्सर एका विषाणूमुळे झाला असं तपासणीत निघालं. मला वाटलं, उष्ट्यातून तुला लागेल. परवा डॉक्टरीणबाईंना कागदावर लिहून विचारलं. बोलता आलं असतं तर लाजेनं विचारलंच नसतं. म्हणाल्या, ताटापाण्यातून लागत नाही. स्त्री-पुरुष संबंधातून येतो. बहुतेकांचा आपोआप जातो, एखाद्याचा वर्षानुवर्षं दडून बसतो. तंबाखू न खाणारे असे पेशंट आता वाढून राहिले. उपचारानं यातले बरेच बरे होतात. हमी मात्र दिली नाही.

कोणाकडून आला, हे त्यांनाही सांगता येत नाही. लग्नाआधी मी भिलाईला कामाला होतो, तुला माहीत आहे. विचारायचं तर विचार, खरं लिहीन.
तुझा रेवाराम

॥ श्री ॥
सडक अर्जुनी, २० नोव्हेंबर

श्री. रेवारामजी यांस सौ. सुमित्राचा नमस्कार.
पत्र वाचून दोन दिवस देवाला दिवा लावला, पण त्याच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी बोलली.

भिलाईचं विचारणार नाही. तेव्हा तुम्ही माझे नव्हता. मी दहावीचं गणित सोडवत बसली होती. शेजारची रुख्मा म्हणते, खर्रा खाल्ल्याशिवाय कॅन्सर काऊन होईल? तिला म्हटलं, तुझ्या नवऱ्याचे खिसे तपास, माझे तपासून झाले.

मंगळवारच्या बसनं येऊन राहिली. पातळ पेज मीच करीन. चार घोट गिळवले तर चारच घ्या. उरलेली मी त्याच वाटीनं पिईन. नाही म्हणू नका.

तोवर जीव सांभाळावा.
तुमचीच सुमित्रा