जपानी सिनेमाचा उत्तरार्ध

३ ऑगस्ट, सकाळी
डोंबिवलीच्या आमच्या फिल्म क्लबात माझं भाषण ठरलं. विषय मीच दिला: जपानी शृंगारपट, त्यातले बलात्कार आणि नंतरची बाईची मनःस्थिती. क्लबचे सेक्रेटरी भाऊ चष्मा काढून पुसायला लागले. धाडसी विषयांचं असंच होतं. उदाहरणादाखल एक सिनेमा निवडला. निश्चय: तो पूर्ण पाहायचा. नोट्स काढायच्या. दुपारची झोप बंद.

९ ऑगस्ट
जेवून सिनेमा लावला. बायकोला शेजारी बसवलं. म्हटलं, हेमांगी, मला एक सामान्य प्रेक्षक हवाय. अत्याचाराचा प्रसंग भयंकर. कॅमेरा, प्रकाशयोजना, पानंच्या पानं नोट्स. पुढे सिनेमा फार स्लो. ती बाई नुसती घरात बसून. डोळे मिटून चिंतन केलं. हेमांगी म्हणते, घोरत होतास.

१० ऑगस्ट
उत्तरार्ध राहिला. ऑफिसात ऑडिट. शेवट नेटवर वाचला: नायिका त्याच माणसाच्या प्रेमात पडते. वा! 'जखम प्रेमाने भरते.' मुद्दा हेमांगीला ऐकवला. ती भांडी जरा जोरातच लावायला लागली. तिला सिनेमा झेपलेला नाही.

१६ ऑगस्ट, संध्याकाळी
भाषण झालं. 'जखम प्रेमाने भरते' म्हटल्यावर लोक एकमेकांकडे बघायला लागले. वाटलं, भारावले. मग आसावरी नावाच्या बाई उठल्या. ठाण्याला अत्याचार झालेल्या मुलींचं काउन्सेलिंग करतात. विचारलं, त्या प्रसंगानंतर तिला काय काय होतं? म्हटलं, सूचक आहे सगळं. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पाणी प्यायलो. तेवढ्यात मागच्या रांगेतून हेमांगी बोलायला लागली. सिनेमातली ती बाई सारखी अंघोळ करते. जेवत नाही. आईचा फोन घेत नाही. जिन्यात कुणाच्या चपला वाजल्या की भिंतीला चिकटते. एवढं सगळं दाखवून शेवटी तिला त्याच्याच गळ्यात बांधलंय, म्हणजे पाहणाऱ्या पुरुषांना बरं वाटावं. आमच्या घरातला एक तर एवढंसुद्धा न पाहता खूश झालाय.
टाळ्या. मीही वाजवल्या. हात मोकळेच होते.

१७ ऑगस्ट
रजा टाकली. उत्तरार्ध पाहिला. उभ्याने, झोप लागू नये म्हणून. त्या बाईला घास गिळवत नव्हता आणि मी तिथेच घोरलो होतो. लाज वाटली. खरंच वाटली. हेमांगीला तसं सांगितलं. ती म्हणाली, बरं.
संध्याकाळी भाऊंचा फोन. कोपरीच्या मंडळाला याच विषयावर भाषण हवंय. मी नम्रपणे म्हटलं, मला जरा वेळ द्या, नव्याने मांडतो. ते म्हणाले, अहो तुम्ही नाही, वहिनींना बोलवलंय. तुम्ही प्रोजेक्टर तेवढा घेऊन या.