आईच्या मोगऱ्याच्या काड्या

हेमराज,

पहिल्या एसटीने जामसरला जातोय, तुझ्या मामाकडे. भाकरी टोपलीत झाकून ठेवलीय. पडवीतल्या मोगऱ्याच्या पिशव्यांना पाणी बेतानेच घाल, चिखल करू नकोस.

काल त्यातली एक काडी उपटून बघितली. बोटभर पांढऱ्या मुळ्या आल्यात. पण तिचं बूड तिरकं कापलेलं आहे. मी सगळ्या काड्या कोयत्याने सरळ कापल्या होत्या. मुळ्या फुटायची तुझी पावडरही लावू दिली नव्हती. तुझ्या आईने कधी लावली नाही म्हणून तुझ्यावर ओरडलो होतो. म्हणजे माझ्या काड्या वाळल्या आणि तू गुपचूप दुसऱ्या लावल्यास. कुणाच्या दारातल्या, ते विचारत नाही. महिनाभर मी येईल त्याला दाखवत बसलो, हा आईचा मोगरा म्हणून.

तुला काही बोलायला मला तोंड नाही. ती गेल्यावर उन्हाळाभर तिच्या झाडाला पाणी घालायचं मीच विसरलो. मी काड्या कापल्या तेव्हाच ते वाळत आलं होतं, नंतर गेलंच.

लग्नानंतर तिने तो मोगरा जामसरहूनच आणला होता. तिथलं जुनं झाड अजून असेल तर काड्या घेऊन येतो. तुझी पावडरीची डबी बरोबर नेतोय. या वेळी तिरक्या कापीन.

रविवारी सपना सासरहून येईल, तेव्हा रोप मागेलच. मी रिकाम्या हाताने परतलो तर मला काही विचारू नकोस. पडवीतलीच दोन रोपं तिला दे. आईची म्हणून दे.

बाबा