दाढी करताना घोकलेली वाक्यं

बाळा,

भाजी गॅसवर आहे, गरम करून घे. मी ताईकडे निघालेय.

पुढे काय घडेल त्याची इंग्रजी वाक्यं बनवायला तुझ्या शिकवणीच्या बाईंनी सांगितलंय, हे ठाऊक आहे मला. बाकीचे ‘पाऊस पडला तर छत्री नेईन’ म्हणत असतील. तू मात्र आज दाढी करताना घोकत होतास, ‘गिऱ्हाईक मिळालं तर आम्ही घर विकू. घर विकलं तर आई ताईकडे राहील.’ मला इंग्रजी येत नाही म्हणून तू निर्धास्त. अरे, पण प्रत्येक वाक्य आधी मराठीत खणखणीत म्हणतोस, त्याचं काय?

परवाचा तो चष्मेवाला म्हणे गळती बघायला आला होता. मी ओल दाखवली तर त्याने मान वर केली नाही, खोल्या मात्र पावलांनी मोजल्या.

ताईला हे माहीत असेल, तर मी एकटी परत येईन. माहीत नसेल, तर तिला घेऊनच येईन. दोन्ही वाक्यं बाईंकडून तपासून घे.

आई