चारू माझी कोण लागते

सांगली, ता. ९ नोव्हेंबर २०२५

आज रविवार. पाणी उशिरा आलं. मंडईत जाऊन आलो. तुझा अनीश दुपारच्या गाडीने पुण्याला परत गेला.

चि. अवधूत यास आशीर्वाद. तुझा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळव. (फलटणची हवा तरी कोरडी, इथे नदीकाठी माझे दोन्ही कुरकुरतात.)

चारूच्या वर्षश्राद्धाला जमणाऱ्यांना दाखवायला अनीश आपल्या सगळ्या नात्यांचं जाळं कॉम्प्युटरवर करतो आहे. माणूस म्हणजे ठिपका, नातं म्हणजे दोन ठिपक्यांमधली रेघ. रेघा नीट ओढल्या की यंत्राला अर्थ कळतो म्हणे. मी म्हटलं, ओढ. तिथेच चुकलो.

त्याने दोन ठिपक्यांत एकच रेघ ठेवली होती. चारू माझ्या मामाची मुलगी, ती रेघ आधी पडली. बायकोच्या रेघेला जागाच उरली नाही. यंत्राने मला बहात्तराव्या वर्षी अविवाहित ठरवलं आणि आमच्या अबोलीचे आईवडील चुकून नोंदले गेलेत का, असं विचारलं. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तुझे वडील माझे मामाही होते आणि सासरेही. मामा म्हणून त्यांनी मला सायकल दिली, सासरे म्हणून ती नीट पुसत का नाही ते विचारलं. हे एका रेघेत कसं बसायचं?

काल त्याने दोन रेघा ओढल्या. पाहतो तर मामेबहिणीची ठळक, बायकोची फिकट. तिच्यावर लिहिलेलं, 'समाप्त', आणि चारू गेली ती तारीख. मी कारण विचारलं.

"आतोबा, मामेबहीण गेल्यावरही मामेबहीणच राहते. लग्न तिथं संपतं. नियमच आहे तसा."

"कुणाचा रं?"

"सगळे असंच करतात."

मी पुढे बोललो नाही. (तुझी बहीण मला घुम्या म्हणायची, ते उगीच नाही.) पण जन्मभर ती माझ्याशी भांडली, ती काय मामेबहीण म्हणून? असो. पोरगा गुणी आहे, त्याला रागावू नकोस. मला त्या जाळ्याचं काही पडलेलं नाही.

तुझा
गोपाळकृष्ण

ता. क. अनीशबरोबर हळद द्यायची राहिली. श्राद्धाला याल तेव्हा न्या.

आणखी एक. पडलेलं आहे. तू त्याचा बाप आहेस. श्राद्धाच्या आत ती तारीख त्याला काढायला लाव. नियम मोडत असेल तर मोडू दे. त्या दिवशी पाटावर मला तिचा आतेभाऊ म्हणून बसायचं नाही.

गच्चीवरचे कपडे वाळले असतील. काढून घड्या घालतो.