चादरीचं दुसरं टोक

नाशिक, १२ जानेवारी १९९७

सौ. तृप्ती हीस नाशिकहून यादवचे आशीर्वाद.

मी बरा आहे. जेवण वेळेवर होतं. आईचा खोकला कसा आहे?

जुन्या अमेरिकन नाचगाण्यांच्या सिनेमाची कॅसेट पोचली, हे वाचलं. तसे सिनेमे आता कोणी काढत नाही. नाचताना अख्खा माणूस दाखवायचे, पावलांसकट. आमच्या व्हिडिओ लायब्ररीचे शेठ विचारतात, "यादव, तुला इंग्रजी कळतं का रे?" मी म्हणतो, "पाय कळतात, शेठ."

नवरा-बायको चादरीची घडी घालता घालता नाचू लागतात, नेमकी तिथेच कॅसेट थांबवून पाठवली होती. तू आधी तेच पाहावंस म्हणून.

शेजारच्या दिनेशकडे व्हीसीआर आहे, तिथे बघ, असं मीच लिहिलं होतं. पण नंतर तशीच घडी घालायला चादरीचं दुसरं टोक त्याने धरलं, हे वाचल्यापासून माझं कामात लक्ष नाही. सगळे खूप हसले, असं लिहिलंस. तू किती हसलीस?

रविवारी पहिल्या एस.टी.ने घोटीला येतो. शेठ जेवायला गेले की दुकानात पावलं शिकतो आहे. चार जमली आहेत. दिनेशला किती येतात, ते मात्र खरं कळव.

आईला नमस्कार सांग.

तुझाच,
यादव