पिन काढली की

३ एप्रिल, कशेळे
वीजग्राहक भगिनींनो, बंधूंनो, बिल वेळेवर येतं, वीज येत नाही. हे दुखणं तुमचं नि माझं एकच आहे! रविवारच्या सभेतलं माझं हे पहिलं वाक्य. आमच्या संघटनेच्या धाऊच्या जीपमधून उतरता उतरताच सुचलं. भाड्याची खोली छान आहे, खिडकीतून माथेरानचा डोंगर दिसतो. घरमालकीण सोनुबाईंनी आल्याबरोबर चहा नि गरम तांदळाची भाकरी पुढे केली. आतल्या खोलीत त्यांची मुलगी जागृती, सव्वीस वर्षांची. फुप्फुसं निकामी झालेली. नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशिन. त्याचा फुस्स-टक, फुस्स-टक आवाज घरभर. वीज गेली तरी ते चालावं म्हणून खाटेखाली इन्व्हर्टर.

५ एप्रिल
लॅपटॉप बॅटरीवर चालेना. पिन काढली की पडदा काळा. सभेत दाखवायची सगळी चित्रं त्यात आहेत: जळक्या डीपीच्या पेट्या, लोंबत्या तारा. नेरळला अब्रारच्या दुकानात नेला. त्याने आधी बटण अर्धा मिनिट दाबून धरलं, मग बॅटरीचा ड्रायव्हर काढून पुन्हा घातला, शेवटी नवी बॅटरी बसवून पाहिली. शंभर टक्के दाखवतो, पिन काढली की गप्प. दोष बोर्डात आहे, आठवडा लागेल, तोवर वायरीवरच वापरा, म्हणाला.

हे ऐकून जागृती हसून हसून दमली. ताई, ह्यो तर माझा सख्खा भाऊ, म्हणाली, वायर काढली की खलास! सोनुबाईंनी दटावलं, गप गं, कायपण बोलतेस.

६ एप्रिल, दुपार
मैदानात विजेची सोय नाही. इथे सभेला घराघरांतून सामान जातं. कुणाच्या सतरंज्या, कुणाच्या खुर्च्या. आमच्या घरातून इन्व्हर्टर मागितला आहे. मी घुटमळले. जागृतीच म्हणाली, न्या ओ ताई, लाईट हाय ना आता, नि आमच्यासाठीच बोलताय ना तुमी. सोनुबाई तिच्या नाकातली नळी सारखी करत राहिल्या. दोन तासांचा तर प्रश्न. धाऊची जीप दारात आली.

७ एप्रिल
काल वीज चार वाजून दहा मिनिटांनी गेली. मैदानात कुणालाच कळलं नाही. पडदा चालू, कर्णा चालू, टाळ्या पडत होत्या. गर्दीच्या मागे सोनुबाई अनवाणी उभ्या होत्या, दोन्ही हात हलवत. मला वाटलं, दाद देताहेत.

मी आणखी दहा मिनिटं बोलले.

भाषण मला पाठ होतं. चित्रांशिवाय बोलता आलं असतं. कर्ण्याशिवायसुद्धा.

९ एप्रिल
जागृतीला जाऊन तीन दिवस झाले, तरी सोनुबाई खोली सोडा म्हणत नाहीत. रोज चहा आणून ठेवतात. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर—

इन्व्हर्टर अजून धाऊच्या जीपमध्ये. आणायला सांगायचं तोंड नाही मला.

आज चार दहाला लॅपटॉप आपोआप सुरू झाला. पिन लावलेली नव्हती. आतला पंखा फिरत होता. फुस्स-टक. फुस्स-टक.

११ एप्रिल
अब्रारने झाकण उघडून बॅटरीच काढली. बॅटरी त्याच्या हातात, नि टेबलावर पडदा उजळलेला. एकतीस टक्के. त्याने लॅपटॉप माझ्याकडे ढकलला. घेऊन जा ताई, म्हणाला, पुन्हा नका आणू.

१२ एप्रिल
एकोणीस.

सोनुबाईंनी दारातूनच आवाज ओळखला. लॅपटॉप मांडीवर घेऊन जागृतीच्या खाटेवर बसल्यात. जिथे गरम लागतं तिथे तळहात ठेवून. जागू, हाय गं मी, हाय इथंच—

पिन लावून पाहिली. घेत नाही.

१३ एप्रिल
सहा. आवाज अडखळतो. फुस्स... मग बराच वेळ काही नाही... टक.

धाऊला फोन लावला. पलीकडून तोच आवाज.

दाराकडे गेले की जागृतीचा श्वास थांबतो. परत आले की सुरू होतो. मला जाऊ देत नाही ती.

चार. सोनुबाई माझ्याकडे बघून दोन्ही हात हलवताहेत. दाद नव्हती ती. तेव्हाही नव्ह—

वही खिडकीतून रस्त्यावर टाकते. जो उचलेल त्याने— भगिनींनो, बंधूंनो, टाळ्या नकोत मला. धाऊच्या जीपमधला इन्व्हर्टर उतरवा. जागृतीच्या खाटेखाली ठेवा. वायर जोडा. आत्ता. धावत. दोन टक्के— ए—