एक मोसम आधी

२ जून
मुलींच्या फुटबॉल लीगच्या ऑफिसातून मेल आला. वयोगटाचा नियम बदलला. आजवर एका कॅलेंडर वर्षात जन्मलेल्या मुली एका गटात असायच्या. आता गट एक ऑगस्ट ते एकतीस जुलै असा धरणार, म्हणजे शाळेतल्या वर्गांशी जुळेल. ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये जन्मलेल्या मुली त्यामुळे एक गट खाली जाणार. लागू पुढच्या मोसमापासून.
क्लबचा सचिव मी. (गेल्या वर्षीच्या मीटिंगमध्ये सचिव कोण होणार असं विचारलं तेव्हा सगळे बुटाच्या नाड्या बांधायला वाकले. मी चपलांवर होतो.) तेव्हा जबाबदारी माझी. शांतपणे हाताळायची. घाई नाही.

३ जून
घाई नाही हे खरं, पण उशीर तरी का? मी औषधांच्या गोदामात क्वालिटी बघतो. आमच्याकडे मुदत संपायची वाट बघत नाहीत. माल तीन महिने आधीच रॅकवरून उतरवतात. आजवर एक तक्रार नाही. तेच तत्त्व इथे. बदल पुढच्या मोसमात होणार आहे ना, मग याच मोसमात करून मोकळं व्हावं. मुलींना सवय होईल. पुढच्या वर्षी बाकीचे क्लब डोकं धरून बसतील तेव्हा आमची घडी बसलेली असेल.
संकल्प: पारदर्शकता. अपवाद कुणालाही नाही. आवाज चढवायचा नाही.

४ जून
एक गोष्ट स्वच्छ लिहून ठेवतो. चिमणीचा, म्हणजे माझ्या लेकीचा, जन्म १९ सप्टेंबरचा. बारा वर्षांखालच्या टीममधून तीही अकराखालच्या टीममध्ये जाणार. सध्या ती बहुतेक बेंचवर असते. समोरच्या मुली तिला खांद्याने बाजूला सारतात. खाली गेली तर टीममध्ये सगळ्यांत उंच तीच.
स्वतःला विचारलं: यात तिचा फायदा आहे का? आहे. म्हणून मी हे करतोय का? नाही. खात्रीसाठी पुन्हा विचारलं. नाही. दुसऱ्या वेळी उत्तर जास्त लवकर आलं.

६ जून
बायकोला सांगितलं. ती इस्त्री करत होती. म्हणाली, चिमणीला विचारलंस का. म्हटलं, नियम विचारून लावत नसतात. म्हणाली, नियम पुढच्या वर्षीचा आहे, यंदा लावलास तर तो तुझा झाला. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तिने इस्त्री अशी दाबली की माझ्याच शर्टाच्या कॉलरमधून वाफ निघाली. विषय तिथेच ठेवला.

९ जून
चिमणीला सांगितलं. तिने एकच विचारलं, भिंत पण येणार का. भिंत म्हणजे त्यांची गोलकीपर. दोघी बालवाडीपासून एकमेकींना चिकटलेल्या. तिचा जन्म मार्चचा, ती आहे तिथेच राहणार. तसं सांगितलं.
चिमणी बरं म्हणाली.
फार समजूतदार पोर. जेवताना भात नुसता चिवडत होती. खेळाचा विचार करत असावी.

१५ जून
पालकांची मीटिंग. चार्ट लावला, रंग वेगवेगळे. बाराखालच्या टीममधल्या पाचजणी खाली, नऊजणी तिथेच. तेराखालच्या गटातल्या ऑगस्ट ते डिसेंबरवाल्या खाली उतरतील आणि रिकाम्या जागा भरतील. चार्टवर तरी अगदी झकास बसतं.
मास्तर (आमचे कोच, सगळे मास्तरच म्हणतात) म्हणाले, लीग यंदा जुन्याच नियमाने खेळवणार. खाली उतरवलेल्या पोरी तिथे जास्त वयाच्या ठरतील, त्याचं काय? म्हटलं, मास्तर, नियम लीगचा, मग लीगच हरकत कशी घेईल?  मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. दोरी टोचत असावी.
भिंतची आई दातांची डॉक्टर. त्या म्हणाल्या, दुखत नसलेला दात मी उपटत नाही. सगळे हसले. मीही हसलो. वातावरण खेळीमेळीचं.
बाजूने कुणी हात वर केला नाही. विरोधातही केला नाही. मंजूर.

२३ जून
पालकांचा ग्रुप शांत झालाय. एरवी दिवसभर टणटण चालायची: कुणाचा मोजा हरवला, कोण कुणाला घ्यायला येणार, वर सकाळची फुलं. आता फक्त माझे मेसेज, एकाखाली एक. सगळ्यांनी वाचलेले. शंका फिटल्या की माणसं बोलत नाहीत.

४ जुलै
प्रॅक्टिसला भिंत नाही. सर्दी. तिच्या गटातल्या आणखी चौघींना पण सर्दी. ग्रुपवर गुळण्यांबद्दल लिहिलं, मीठ किती घालायचं तेही. वाचलं सगळ्यांनी. मैदानाबाहेर गाड्या कमी होत्या, पार्किंगचा प्रश्न आपोआप सुटला.
तेराखालच्या गटातून अजून कुणी उतरलेलं नाही.

११ जुलै
नेहमीचा रस्ता खणलेला, म्हणून ऑफिसातून कालव्यापलीकडून आलो. तिथल्या क्लबच्या मैदानावर एक मुलगी गोलमध्ये उभी होती. पिवळी जर्सी. उजवीकडे झेपावताना डावा हात मागे ठेवायची ढब अगदी भिंतची. बाजूला मास्तरांसारखाच एक माणूस, तसाच पोटावर हात बांधून.
लांबून सगळी माणसं सारखीच दिसतात. गाडी थांबवली नाही. संशय घेणं माझ्या स्वभावात नाही.

१२ जुलै
मास्तरांचा मेसेज. गुडघा दुखतो, यंदा जमणार नाही. काळजी घ्या असं कळवलं. अकराखालच्या टीमला तूर्त मीच शिकवेन. खेळ शेवटी शिस्तीचा.

२८ जुलै
नोंदणीची मुदत दोन आठवडे आहे, पण पहिल्याच दिवशी निघालो. निघताना चिमणी दारात आली. म्हणाली, माझं नाव थोडे दिवस थांबून दिलं तर चालेल का. का, विचारलं. असंच, म्हणाली. तिला आधी कर मग विचार कर ही सवय लावायला हवी. नाही, आधी विचार, मग कर. म्हटलं, बाळा, सचिवाच्या मुलीनेच उशीर केला तर लोक काय म्हणतील?
लीगच्या ऑफिसातल्या बाईंना सगळी योजना समजावली. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, आम्ही जन्मतारखा तपासत बसत नाही. हरकत आली की बघतो. पण एकदा नोंदवलेली मुलगी मोसम संपेपर्यंत दुसऱ्या क्लबात जात नाही, माहीत आहे ना? म्हटलं, जायचंच कशाला? मग त्यांनी मान वर केली. म्हणाल्या, असं करणारे तुम्ही पहिलेच.
घरी येऊन बायकोला सांगितलं. सबंध लीगमध्ये पहिले. 

१६ ऑगस्ट
दाढ ठणकत होती, भिंतच्या आईकडे गेलो. गाल बधिर झाल्यावर आणि तोंडात ती पाणी ओढणारी नळी असताना त्यांनी बोलायला सुरुवात केली. भिंतसकट तिच्या गटातल्या नऊच्या नऊ मुली कालव्यापलीकडे गेल्या. मास्तरही. टीम तशीच्या तशी आहे, फक्त जर्सी पिवळी. खाली टाकलेल्या पाचजणींनाही तिथे बाराखालीच घेणार होते. पण तुम्ही पहिल्याच दिवशी त्या पाचहीजणींना नोंदवून टाकलंत. चिमणीची जागा तर त्याआधीच राखून ठेवली होती. तिला सांगितलंही होतं. मोठा आ करा.
मला पुष्कळ म्हणायचं होतं. आ केला.

१६ ऑगस्ट, संध्याकाळी
गालाची जाणीव परत आल्यावर चिमणीला विचारलं, सांगितलं का नाहीस. म्हणाली, बाबा, तू विचारलंस कुठे.
बाराखालचा गट या वर्षापुरता स्थगित. सगळा जोर आता अकराखालच्या टीमवर. एक टीम नीट सांभाळणं केव्हाही चांगलं.

७ सप्टेंबर
पहिली मॅच जिंकलो! चिमणीचे चार गोल. जी पोर बेंचवर बसायची तिला कुणी अडवू शकत नव्हतं. चौथ्या गोलनंतर समोरची इवलीशी गोलकीपर गोलमध्येच फतकल मारून रडायला लागली. चिमणी तिच्याजवळ गेली, तिच्या बुटाची सुटलेली नाडी बांधून दिली आणि त्यानंतर बॉलला पायच लावेना. मला ओरडावं लागलं. तो आवाज चढवणं नव्हे, प्रोत्साहन.
बाजूला दोन पालक तिच्याकडे बोट दाखवून काहीतरी बोलत होते. कौतुक सुरू झालंय.

१९ सप्टेंबर
चिमणीचा वाढदिवस आणि मॅच एकाच दिवशी. मॅच संपल्यावर मैदानाच्या कडेला केक. भिंतला बोलावलं होतं, पण त्याच वेळी त्यांची मॅच होती. आमच्या छोट्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. बायको कानाशी येऊन म्हणाली, मेणबत्त्या आधी विझव. म्हटलं, अगं, गाणं तर होऊ दे. समोरच्या टीमचे कोच स्वतःहून जवळ आले, हसतमुख माणूस. मोठ्याने मेणबत्त्या मोजल्या. बारा भरल्या. म्हणाले, अकराखालच्या टीममध्ये बारा, वा. एक फोटो घेतला. मी सरकून त्यांना जागा करून दिली.

२७ सप्टेंबर
हरकत मान्य झाली. आमचे सगळे गुण रद्द, अकराखालची टीम लीगबाहेर. खाली उतरवलेल्या पाचही मुलींना मोसम संपेपर्यंत कुठेच खेळता येणार नाही. मी अपील केलं: आम्ही नियम मोडलेला नाही, फक्त आधी पाळला. एका ओळीचं उत्तर आलं. नियम पुढच्या मोसमापासून.

२९ सप्टेंबर
क्लबच्या खोलीत बसून होतो. छोट्या मुलींचे पालक एकेक करून आले. भांडण होईल म्हणून उत्तरं तयार ठेवली होती. एकही लागलं नाही. धुतलेली, इस्त्री केलेली जर्सी टेबलावर ठेवायची आणि जायचं. चळत माझ्या हनुवटीपर्यंत आली. घड्या फार नीट होत्या.
त्यांच्यातल्या बहुतेक मुली अवघ्या दहा वर्षांच्या. त्यांचं तर वय कुठेच चुकलं नव्हतं.

३० सप्टेंबर
चिमणीला सांगितलं. वाटलं, रडेल. रडली नाही. म्हणाली, पुढच्या वर्षी मी आणि भिंत तशाही वेगळ्याच होणार होतो ना? हे एकच वर्ष होतं आमचं. मग आत गेली आणि दार लावलं. आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं.
जूनमधला तो प्रश्न स्वतःला पुन्हा विचारला. या वेळी उत्तर यायला उशीर झाला. आलं ते इथे लिहीत नाही. दिवसभराचा थकवा असावा.

४ ऑक्टोबर
मैदानावर जाऊन जाळ्या सोडवून आणल्या. जर्सी नव्या गटांप्रमाणे लावून, लेबलं करून कपाटात ठेवल्या. खरं बघायला गेलं तर पुढच्या मोसमात नियम लागू होईल तेव्हा अख्ख्या लीगमध्ये पूर्ण तयारी असलेला क्लब आमचाच. मुलींचं बघावं लागेल.

१० ऑक्टोबर
चिमणीने आपणहून म्हटलं, कालव्यापलीकडे सोडशील का. खेळता येणार नाही गं, म्हटलं. माहीत आहे, म्हणाली.
तिथे ती भिंतच्या गोलमागे उभी राहते. बाहेर गेलेले बॉल पळत जाऊन आणते, पाण्याच्या बाटल्या भरते. मास्तरांचा गुडघा उत्तम आहे. मी फाटकाच्या आत जरासा उभा राहिलो. भिंत मागे वळून काहीतरी म्हणाली आणि चिमणी हसली. पोट धरून, बॉल हातातून पडेपर्यंत. आमच्याकडे चार गोल केले त्या दिवशी असं हसली नव्हती. नोंद घ्यायला हवी, पण कशाखाली ते कळेना.
शेजारी उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, तुमची कोणती? दाखवली. ती होय, म्हणाल्या, ती खेळत नाही, नुसती येते.
परत येताना चिमणी गाडीत म्हणाली, परवा पण सोडशील? म्हटलं, सोडेन की.  मग म्हणाली, बाबा, पण तू गाडीतच बस. आत येऊ नकोस.
मी बरं म्हणालो.